सशाला उपाशी ठेवू नये

अण्णा, सशाला उपाशी ठेवायचं नसतं. ऑपरेशनच्या आधी माणसाला ठेवतात, कुत्र्यालाही ठेवतात, पण सशाला नाही. त्याचं पोट सतत चालू राहावं लागतं. थांबलं की तो दगावतो. हे मला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी सोलापूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि ते ऐकताना सगळ्यात आधी आठवलात ते तुम्ही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुमच्या तिथीला पान वाढायचं मी एकदाही चुकवलं नाही, पण तुमच्याशी बोलावं असं कधी वाटलं नाही. आज वाटतंय. ते मायेपोटी वाटतंय असा गैरसमज मात्र करून घेऊ नका.

ससा माझ्या लेकीचा. ती पुण्याला शिकायला गेली आणि ससा आमच्याकडं धाराशिवला राहिला. पांढरा आहे, कानांच्या कडा करड्या. सुरुवातीला मी त्याच्याकडं नुसतं कर्तव्य म्हणून बघत होते, पुढं घरात दोघंच माणसं उरली तेव्हा त्याची सवय झाली. सवय म्हणजे काय, तर खायला घालायची. माझ्या घरात कुणी उपाशी राहणार नाही असं मी लग्नाच्या दिवशीच मनाशी ठरवलं होतं, आणि ते कुणाला दाखवायला ठरवलं होतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. म्हणून सशाला दुधात कुस्करलेली भाकरी, बिस्किटं, केळं, भिजवलेली डाळ. तो मागेल ते आणि मागणार नाही तेही. गवत तेवढं घातलं नाही. गवत कुठं शोधत बसायचं, आणि घरच्या जनावरानं गवत का खावं, असंच मला वाटत होतं. दिवाळीनंतर त्याची हनुवटी ओली राहायला लागली. कोथिंबिरीची काडी तोंडात धरायचा आणि टाकून द्यायचा. लेंड्या बारीक झाल्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. आमचे हे म्हणाले, "लाड झालेत त्याचे, दुसरं काय." इथल्या एका डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, सशाचे दात जन्मभर वाढतात, गवत चावून चावून झिजतात, याच्या दाढा झिजल्याच नाहीत, त्या घासायला सोलापूरला न्या. म्हणजे तुमच्या विरोधात जे भरवलं, त्यानंच त्याचं तोंड बंद केलं. हसा आता.

सोलापूरहून फोनवर मंगळवारी सकाळची वेळ मिळाली. भूल देऊन दाढा घासणार, एवढंच कळलं. आदल्या दिवशी संध्याकाळी मी पिंजऱ्यातली वाटी काढली, उरलेली कोथिंबीर काढली, पिंजरा पुसून घेतला. कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं. मोठं काही व्हायचं असलं की आधी पोट रिकामं ठेवायचं, हे आपल्या घरात कुणी शिकवावं लागत नाही. तुम्ही नवरात्रात नऊ दिवस पाण्यावर राहायचात, मंगळवारी देवीचा उपास धरायचात, आणि मंगळवारी सुद्धा शाळेत शिकवताना आवाज खणखणीत असायचा. "पोट रिकामं असलं की डोकं चालतंय," हे वाक्य मी तुमच्या तोंडून वर्गात जेवढं ऐकलं तेवढंच घरात ऐकलं. ससा पिंजऱ्याच्या कोपऱ्यात नाक हलवत वाटी शोधत होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आपण काहीतरी शिस्तीचं करतोय असं वाटलं.

एसटीत टोपली मांडीवर होती, वर टॉवेल. कंडक्टरनं विचारलं, "ताई, काय हाय त्यात? कोंबडी?" मी म्हटलं, ससा आहे, दातांना न्यायलेय. "सशाच्या दाताला सोलापूर?" म्हणून तो एवढ्या मोठ्यानं हसला की मागच्या सीटपर्यंत बातमी गेली. तुळजापूर येईपर्यंत तीन जणांनी टॉवेल वर करून सशाचे दात बघितले. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "सकाळी काय खाल्लं त्यानं?" मी म्हटलं, "काही नाही. काल संध्याकाळपासून कडक उपाशी ठेवलाय." शाबासकी मिळेल अशा आवाजात म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "कुणी सांगितलं तुम्हाला?" माझ्या लेकीपेक्षा चार-सहा वर्षांनी मोठ्या असतील, पण मी त्यांच्यापुढं सहावीतल्या मुलीसारखी उभी होते. "कुणी नाही," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "ताई, आधीच तो नीट खात नव्हता, त्यात तुम्ही उरलंसुरलं पण बंद केलं. आता आधी त्याचं पोट चालू करायचं, मग दाढांचं बघू. धोका वाढलाय, सांगून ठेवते." कुणी नाही, हे उत्तर खोटं होतं, अण्णा.

तेरच्या त्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशी आपली जेवायची जागा. तिथं मी सहावीत आहे, आणि माझं ताट पालथं घातलेलं आहे. चाचणीत माझ्या आणि शेजारच्या मुलीच्या गणितात एकच चूक निघाली होती. तिनं माझं बघून लिहिलं, मला पत्ताही नव्हता. वर्गात तुम्ही मला उभं केलंत. मी म्हटलं, मी दाखवलं नाही. तुम्ही आवाजही चढवला नाहीत. "खोटं बोलायलीस. पोट रिकामं झालं की खरं बोलशील." घरी आल्यावर तुम्ही स्वतः ताट पालथं घातलंत आणि त्याच्या शेजारी बसून जेवलात. आईला म्हणालात, आमटी झकास झाली. आई जेवली नाही. मी जेवत नाही तोवर ती जेवायची नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. मला वाटतं, तुमचा सगळा हिशेब त्यावरच होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी काही बोलले नाही. मग आई चुलीपुढून उठताना भिंत धरून खाली बसली. "बाई गं, म्हण की एकदा चुकलं म्हणून," ती म्हणाली. "तुझं काय जायलंय? माझ्या डोळ्यापुढं अंधारी यायलीय." मी बाहेरच्या खोलीत आले. तुम्ही वह्या तपासत होतात. न केलेल्या गोष्टीची मी माफी मागितली. तुम्ही उठलात, ताट सुलटं केलंत, स्वतःच्या हातानं भाकरीवर तूप घातलंत आणि म्हणालात, "शहाणी झाली माझी पोर." रविवारी बाजारातून नवी कंपासपेटी पण आणलीत. मी ती मॅट्रिकपर्यंत वापरली. पण त्या दुपारची भाकरी मला गोड लागली, अण्णा. मी बोटं चाटून खाल्ली. बाकी सगळं एक वेळ सोडून देईन, हे मात्र मला अजून सोडता आलेलं नाही.

सशाला तिथंच पिचकारीनं पातळ भरवलं, सलाईन लावलं आणि तिसऱ्या प्रहरी भूल दिली. मी बाहेर बाकावर बसून होते. एवढ्या वर्षांत कुणासाठी मी देवीला काही मागितलं नव्हतं, सशासाठी मागितलं, आणि नवस बोलताना उपास मात्र कबूल केला नाही. डॉक्टरीणबाईंनी नंतर बोलावून सांगितलं की दाढांना दोन टोकं आली होती, ती जिभेत रुतत होती, जीभ चिरली होती. इतके दिवस तो खायचा प्रयत्न करत होता आणि जीभ कापून घेत होता. "आता दर तीन तासांनी भरवायचं. अंगाला ऊब ठेवा, दुखण्याचं औषध चुकवू नका, लेंड्या मोजा, रोज सकाळी वजन करा. समोर ताजं गवत कायम पाहिजे. त्यानं आपल्या तोंडानं गवत खाल्लं की जिंकलो. चार दिवसांत नाही खाल्लं तर मग अवघड आहे."

आज चौथा दिवस. हे कागद मी दोन भरवण्यांच्या मधल्या वेळात लिहितेय. भरवताना तो मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळलेला, पिचकारी तोंडाच्या कडेनं, पुढच्या दातांच्या मागं. एकदम ढकलायचं नाही, थोडं घालायचं, तो गिळेपर्यंत थांबायचं, परत थोडं. पहिल्या दिवशी त्यानं मान फिरवली, पातळ सगळं माझ्या साडीवर. मी चिडले. तोंडात आलं, नको तर राहू दे मग, बस उपाशी. बोलले नाही, पण आलं तर होतंच. गवताचं येडशीकडच्या एका धनगराच्या म्हातारीनं केलं. शेळ्यांसाठी भारा बांधतात त्यातली रोज एक पेंढी आणून देते. मी कोवळं मागितलं तर म्हणाली, "कवळं कशाला? जून घ्या. दाताला जून लागतंय. अन् बाई, जनावर रुसत न्हाय बरं का. खाईना म्हणलं की त्येचं दुखायलंय, एवढंच." ती गेल्यावर मी पेंढीतल्या जून काड्या वेचून पिंजऱ्यात घातल्या. पन्नास वर्षं मी रुसलेल्यांच्या घरात काढली, हे एवढंच मला कुणी आधी का सांगितलं नाही? लेक रोज दोनदा फोन करते. तिला सांगितलंय, डॉक्टरांनाच उशीर झाला म्हणून दाढा दुपारी घासल्या. मी त्याला उपाशी नेला होता हे नाही सांगितलं.

चार वाजता मी परत भरवायला गेले तर तो माझ्याकडं पाठ करून बसला होता. गवताची एक काडी त्याच्या तोंडात होती आणि आखूड होत चालली होती. मी हलले नाही. त्यानं ती संपवली, दुसरी ओढली. कुरकुर असा बारीक आवाज येत होता. मी पिचकारी हातात धरून तिथंच फरशीवर बसले आणि रडले. हे पळत आले, त्यांना वाटलं ससा गेला. मी म्हटलं, खातोय. ते म्हणाले, मग रडायला काय झालं?

आता ससा खायला लागला म्हटल्यावर सशाच्या आड लपून लिहायची सोय उरली नाही. तुमचं शेवटचं वर्ष. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली, आठ महिने तुम्ही माझ्या घरी. ज्वारीच्या कण्या पातळ शिजवून मी तुम्हाला चमच्यानं भरवत होते, अंग पुसत होते, कूस बदलत होते. लोक म्हणायचे, लेक असावी तर अशी. एका दुपारी तुम्ही पहिल्याच चमच्याला ओठ मिटून घेतलेत आणि मान भिंतीकडं केलीत. मी वाटी खिडकीत ठेवली. खुर्ची ओढून तुमच्यासमोर बसले. आणि म्हटलं, "म्हणा चुकलं." मोठ्यानं म्हटलं, घरात कुणी नव्हतं. तुमच्या घशातून आवाज आला, त्याचा शब्द होत नव्हता. होणार नाही हे मला माहीत होतं. तुम्ही डोळे माझ्यावरून हलवले नाहीत, मीही उठले नाही. कण्यांवर पापुद्रा धरेपर्यंत मी बसून होते. मग मी तशाच गार कण्या चमच्यात घेतल्या, तुम्ही तोंड उघडलंत आणि सगळी वाटी संपवलीत.

तुम्ही रुसला होतात की तुमचं काही दुखत होतं, हे मी त्या दिवशी पाहिलं नाही. तोंडात बोट घालून बघायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पहिल्या चमच्यालाच तोंड उघडलंत, आणि त्यानंतर एकदाही मान फिरवली नाहीत. मला तेव्हा वाटलं, जिंकले. हे मी यांना सांगितलेलं नाही, कुणालाच नाही. उद्या लेक सशाला बघायला येतेय. तिनं कपाट उघडायच्या आत हे कागद फाडून टाकायला हवेत, कारण तिला मी अजून तुमच्यापेक्षा वेगळी वाटते.