पहिल्या तासाची तोंडी गणितं

बाई, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, पण गेल्या चार दिवसांत तुमच्याशी जितकं बोलले तितकं तुम्ही असतानाही बोलले नसेन. आपल्या वडिवळ्याच्या शाळेतल्या जुन्या मुलांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. आमच्याच वर्गातल्या एकानं, तो आता रिसॉर्ट चालवतो, त्यावर एक इंग्रजी तक्ता टाकला: जगातल्या कुठल्या लोकांना किती बुद्धी. खाली लिहिलं, कितीही सवलती द्या, आपल्या आदिवासी वाडीवरच्यांच्या रक्तातच अभ्यास नाही. माझं डोकंच फिरलं. मी लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात काम करते. भुशी धरणावरून भिजून आलेल्या गिऱ्हाइकांची ही गर्दी, आणि मी एका हातानं खोकी भरत दुसऱ्या हातानं त्याला उत्तरं देतेय. एका बाईंनी काजूची मागितली, मी शेंगदाण्याची दिली. तो म्हणे, भावनिक होऊ नकोस, हे विज्ञान आहे. मी म्हटलं, मोजणाऱ्यानं नक्की काय मोजलं ते आधी विचार. तरी ऐकेना, तेव्हा तुमचीच गोष्ट लिहिली.

प्रार्थना झाली की लगेच तुम्ही तोंडी गणितं घालायचात, दहा. मी मॉनिटर, फळ्यावर गुण मीच लिहायचे. वाडीवरची ती मुलगी रोज उशिरा यायची, दारात उभी राहून उरलेली गणितं ऐकायची. कधी एक, कधी दोन गुण. एक दिवस मी भर वर्गात म्हणाले, बाई, वाडीवरची रक्तातच ढ असतात, आमच्या घरी सगळे म्हणतात. तुम्ही मारलं नाहीत. संध्याकाळी आमच्या घरी आलात. गावात आमची खाचरं सगळ्यांत मोठी, वडिलांपुढे कुणी मान वर करत नसे, पण तुमच्यापुढे त्यांची मात्रा चालली नाही. मला तीन दिवस तिच्या घरी राहायला पाठवलंत.

पहाटे झऱ्यावरून पाणी आणायचं, तिच्या धाकट्या भावाला भरवायचं, मग दीड तास डोंगर उतरायचा, मध्ये ओढा. तिसऱ्या दिवशी मी चिखलानं भरलेल्या पायांनी तिच्याशेजारी दारात उभी आहे, चार गणितं होऊन गेलीत, उरलेल्यांतली दोनच जमतात. फळ्यावर माझ्या नावापुढे तुम्ही स्वतः दोन लिहिलेत. रागावलात की तुम्ही पुस्तकी मराठी सोडून गावाकडची बोलायचात. म्हणालात, "तीन दिसांत रगत बदललं व्हय गं तुजं?" सगळे हसले. ती हसली नाही, आत जाऊन बसली आणि सरकून मला जागा केली. दुसऱ्या दिवसापासून तोंडी गणितं मधल्या सुट्टीनंतर गेली. तिला कधी आठ पडायचे, कधी सहा, माझ्यासारखेच. पुढे ती नर्स झाली. मला त्या तीन दिवसांनी जे दिलं ते पुढच्या कुठल्याच शाळेनं दिलं नाही, बाई. तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

ग्रुपवर सगळ्यांना गोष्ट आवडली. अंगठे आले, फुलं आली, रिसॉर्टवाल्यानंही हात जोडले. मी खूश होते. मग वाडीवरच्या त्या मुलीचा मेसेज आला. तीही ग्रुपमध्ये आहे, पण हा ग्रुपवर नाही, मला एकटीलाच. "समदं लिवलंस. ढ म्हननारी कोन व्हती, तेवडं न्हाई लिवलंस."

ग्रुपवर मी स्वतःच्या जागी 'वर्गातली एक मुलगी' असं लिहिलं होतं. शब्द सापडला नाही असं नव्हतं, विचार करून लिहिलं होतं. तिची माफी मी तेव्हाही मागितली नाही, नंतरही नाही. तिचा मेसेज वाचून दोन दिवस झाले, आणि तिला उत्तर लिहायचं सोडून मी हे तुम्हाला लिहीत बसले आहे.