डब्यातली चौदा बोरं

११ जानेवारी
शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडम आल्या होत्या. फेब्रुवारीत प्रदर्शन आहे. म्हणाल्या, "सुमनताई, फळांचं टेबल तुम्हीच मांडा. गावात पुस्तकं वाचणाऱ्या तुम्ही एकट्याच." मी सातवी पास. तसं सांगितलंही. त्या हसल्या नुसत्या.
विषय त्यांनी दिला: बेरी म्हणजे काय. ह्यांचा जुना इंग्रजी-मराठी कोश काढला, पुठ्ठा गेलेला. त्यात आहे, बोरासारखे लहान रसाळ फळ. झालं तर मग! बोराची ताटली मधे, बाकीच्या भोवती. एवढंच काम.
पण यंदा बोरं विकत आणावी लागतील. परसात नुसता बुंधा. मार्चमध्ये हे गेले, जूनच्या वादळात झाड गेलं. ह्यांनीच लावलेलं होतं.
फळीवर बिस्किटाचा डबा आहे. त्यात त्याच झाडाची चौदा बोरं, गेल्या जानेवारीत ह्यांनी कौलावर वाळवलेली. डबा उघडत नाही. पुसून परत ठेवते.

१६ जानेवारी
बसने एटापल्ली. वाचनालयातून वनस्पतींचं पुस्तक आणलं. पूर्वी हे डाक घेऊन जायचे तेव्हा सायकलच्या पिशवीत पुस्तकं यायची, मी बसल्या जागी वाचायची. आता तिकीट काढून जाते. बसमध्येच अर्धं वाचलं आणि उतरताना छत्री विसरले.
कोश चुकला आहे. बोर बेरी नव्हेच!
सालीच्या आत सगळा गरच, बिया त्या गरात मोकळ्या, मधे कडक आठळी नाही, ते मृदुफळ. म्हणजे खरी बेरी. द्राक्ष, टमाटर, वांगं, मिरची, पेरू, केळंसुद्धा. करवंद आणि आपलं टेंभरू (तेंदूचं फळ) पण त्यात. बोर, आंबा, चारोळीचं चार, ही सगळी आठळीवाली. त्यांचं नाव अश्मगर्भी. दगड पोटात घेतलेली. नाव आवडलं.

१७ जानेवारी
शेजारच्या शेवंताला सांगितलं. (पुढे नुसतं शे. लिहीन.) तलावावरून आली होती, टोपलीत झिंगे.
"वांगं बेरी व्हय?"
"व्हय."
"अन् बोर नाई?"
"नाई."
"तुयं डोकं फिरलं वो सुमनबाई. वाचून वाचून असंच व्हते."
झिंगे मात्र ठेवून गेली. वांग्यात टाकले. बेरीत झिंगे. हे असते तर दोन भाकरी जास्त जेवले असते.

२ फेब्रुवारी
वैशाली चंद्रपूरहून आली, एका दिवसासाठी. लेकीने आईसाठी काय आणावं, तर स्ट्रॉबेरी. चार फुटल्या होत्या. मी म्हटलं, ही तर बेरीच नाही. हे लाल म्हणजे फुलाचं फुगलेलं बूड, खरी फळं ते वरचे बारीक ठिपके. "आई, तू आधी खाऊन पाह्य नं!" खाल्ली. आंबट.
तिने डबा पाहिला. पुसून ठेवला, माझ्यासारखाच.

१० फेब्रुवारी
प्रदर्शन झालं. लिहायला हात वळत नाही, पण क्रमाने लिहिते.
सकाळी दहाला शाळेत. गॅसवाला येणार होता म्हणून शे.ला घरी बसवलं. टेबलावर बारा ताटल्या. डावीकडे मृदुफळं, उजवीकडे आठळीवाली. एक म्हातारे बाबा वांग्यापाशी थांबले. "म्हंजे मी जलमभर बेरीचं भरीत खाल्लं काय?" सगळे हसले. बोराला बाहेर काढलं म्हणून बाया भांडल्या. मी न अडखळता उत्तरं दिली. मॅडमनी पाठ थोपटली. घरी येताना ह्यांना सांगायचं मनात जुळवत होते. फोटोपुढे उभी राहून सांगते मी रोजचं.
गॅसवाला तीनला आला म्हणे. तोवर शे. उपाशी. मीठ शोधताना डबा हाती लागला.
"वाळले बोरं होते, खाल्ले. लय गोड होते बाप्पा."
डबा हलवला. आत एकच खडखडलं.
"एक ठेवलं तुयासाठी."
मी म्हटलं, जा घरी.

११ फेब्रुवारी
बोलत नाही. ती कुंपणापर्यंत आली, मी आत गेले.

१३ फेब्रुवारी
आंगणात झिंगे ठेवून गेली. तिलाही कोणीतरी सांगितलं असेल, ती बोरं कोणाची होती ते. झिंगे मांजराने खाल्ले. बरं झालं.
वर्षभर तो डबा हलवला की ह्यांचा हात आत आहे असं वाटायचं. आता एक बोर. एकटं फार वाजतं.

१५ फेब्रुवारी
पुस्तक परत करायचं म्हणून पुन्हा चाळलं. बोराचं पान तेव्हा घाईत सोडलं होतं. ते आपल्या कामाचं नव्हतं ना, मृदुफळांत नव्हतं. आज वाचलं. आठळी म्हणजे बी नव्हे. आठळी ही पेटी, बी तिच्या आत, कधी एक, कधी दोन. एक-दोन वर्षंही जिवंत राहते.
शे.ने तेरा बोरं खाल्ली. आठळ्या थोड्याच खाल्ल्या?
बोरं उकडून, मीठ लावून वाळवतात लोक. ह्यांना ते चालत नव्हतं. नुसतं ऊन. म्हणजे बी शिजलेलं नाही.
तशीच चप्पल न घालता कुंपणाकडे गेले.
"शेवंताबाई, आठळ्या कुठी टाकल्या वो?"
पाच दिवसांनी पहिला शब्द. ती भांडी घासत होती. आधी रडली. मग म्हणाली, "थुंकल्या. तुयाच आंगणात. एक कोंबडीले फेकून मारली, ते मिरच्या खात व्हती."

१६ फेब्रुवारी
सकाळपासून दोघी आंगणात ओणव्या. शे. ओट्यावर त्याच जागी बसली, तसंच तोंड करून इकडे तिकडे थुंकून दाखवलं, थुंकी जाईल तिथे मी शोधायचं. रस्त्याने जाणारे थांबायला लागले. "काय हरपलं वो?" शे. म्हणे, "सोनं हरपलं, जा तुमी!" मग तर आणखीच थांबले.
नऊ सापडल्या. कोंबडीवाली पण सापडली, खुराड्याच्या मागे. चार गेल्या. हसून हसून पोट दुखलं. गेल्या मार्चनंतर इतकी हसले नव्हते, हे हसणं संपल्यावर कळलं.

१८ फेब्रुवारी
पाण्यात टाकल्या. दोन तरंगल्या, पोकळ. सात बुडाल्या.
पुस्तक म्हणते, आठळी फोडून बी काढलं तर आठ-दहा दिवसांत उगवतं, नाहीतर महिना-दीड महिना. पण घाव बीला लागला तर गेलंच. मला जमणार नाही. शे. लहानपणापासून चारं फोडते, वरचं कवच फुटते आणि चारोळी अख्खी निघते. साऱ्या गावात तसा हात नाही.
तीन अख्ख्या ठेवल्या. चार तिच्यापुढे.
"मले नोको सांगू वो. मीच खाल्ले, मीच फोडू?"
"तूच फोड."
पाट्यावर आठळी उभी धरली, वरून हलकं ठोकलं. पहिलीत पीठ झालं. दुसरीत काहीच नाही. तिसरीत दोन बिया, तांबूस, चपट्या, चमकणाऱ्या. चौथीत एक. पाहून ती म्हणाली, "एवढ्याशा जिवासाठी एवढा दगड!"
दुधाच्या सहा पिशव्या भरल्या, माती आणि शेणखत. तीन बिया, तीन आठळ्या.

९ मार्च
वर्ष झालं. वैशाली आली. बुद्धवंदना घेतली, खीरदान केलं. पिशव्यांत काही नाही. आठ-दहा दिवस कधीच उलटले. बियांच्या पिशव्यांतली एक उकरून पाहायचा मोह झाला. शे.ने हात धरला. "झाकलं राहू दे."
शे. फोटोपुढे उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "भाऊ, बोरं मीच खाल्ले." वैशालीला हसू आवरेना.

१२ मार्च
उन्हाने माती तडकते. दोनदा पाणी. पिशव्यांवर गोणपाट.

२१ मार्च
चौथ्या पिशवीत हिरवं. आठळीवालीत! फोडलेल्या तिन्ही मुक्या, अख्ख्यांतली एक उगवली.
शे.ला हाक मारली. तिने वाकून पाहिलं. "गवत व्हय ते."
भांडण.

२८ मार्च
गवत नाही. दोन जाड पानं, त्यांच्या मधून तिसरं, तीन शिरांचं. बोरच. शे. म्हणते तिने आधीच सांगितलं होतं.
मॅडम पाहायला आल्या. आनंद झाला त्यांना. मग म्हणाल्या, "पण ताई, बीपासूनचं झाड, फळ अगदी तसंच येईल असं नाही बरं का. आणि तीन-चार वर्षं तरी लागतील." पुस्तकातही तेच आहे. मी वाचलं होतं, लिहिलं नव्हतं.
शे.ला सांगितलं. ती म्हणाली, "आंबट निघालं तं तू खा. गोड निघालं तं मी हाओच."

१४ एप्रिल
सकाळी विहारात. तिथून आल्यावर पाणी घातलं. सहावीतही फुटलंय. पहिल्याचं पान कोंबडीने टोचलं. शे.ने स्वतःची कोंबडी टोपलीखाली घातली.

२० एप्रिल
शे. जंगलातून टेंभरं घेऊन आली, पिवळी, पिकलेली. ओट्यावर बसून खाल्ली. म्हटलं, ही मात्र खरी बेरी. "बेरी असो का बोर असो, खा," म्हणाली.
बोरावरून आठवलं. आत जाऊन डबा आणला आणि उघडला. ते एक बोर तोंडात टाकलं. शे. बघतच राहिली.
कडक होतं, मग मऊ झालं. आधी आंबट, मग गोड. त्याच झाडाचं.
"आता थुंक," म्हणे. सातवी पिशवी माती भरून तयारच आहे, तिनेच भरून ठेवलेली.
थुंकीन. लिहून होऊ दे. आठळी अजून तोंडातच आहे.