बाबांचा ढोल

रुबेन,

मालकाने आपल्या ओकलंडचा बेसबॉल संघ परक्या शहरात नेला, हा अन्याय इथल्या घराघराला सलतो, आणि तुलाही सलत होता. तरी हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात तू टीव्हीवर दिसलास, तिथल्या गर्दीत बाबांचा ढोल बडवताना.

बाबांनी ऑक्सिजनचा मास्क काढला. "गाढव अजून ताल चुकतंय," म्हणाले आणि हसता हसता घुसमटले.

डॉक्टरांनी आशा सोडली आहे. "त्याला कळवू नकोस, मॅच बुडेल त्याची," अशी बाबांनी मला शपथ घातली, म्हणून हे पत्र टपालात पडणार नाही. पण संघ मालकाचा होता, रुबेन. आपल्या स्टेडियममध्ये बाबांनी आयुष्यभर वाजवलेला ढोल आपला आहे. त्यांना ऐकू येतंय तोवर तो घेऊन घरी ये.

तुझ्यावर चिडलेली तुझी बहीण,
ग्रासिएला