चौदा महिन्यांचा आवाज

११ जानेवारी
ठोक्याचा फोन. ठोक्या म्हणजे आमच्या मेटल बँडचा ड्रमर. बावीस वर्षांनी फोन करतो आणि वर विचारतो, ओळखलंस का. मी म्हणालो, आवाज थकलेला वाटतोय, कोण बोलतंय? त्याला बरं वाटलं नसावं.

बँडचा बॉक्स सेट निघतोय, सगळी जुनी गाणी एका पेटीत. त्यातल्या दोन डिस्क माझ्या काळातल्या. एक लाइव्ह रेकॉर्डिंगची, एक स्टुडिओ एडिटची. मला स्टुडिओत तीन दिवस यावं लागेल, म्हणाला. मी म्हणालो, डायरी बघून सांगतो. फोन ठेवला आणि अकरा मिनिटांनी हो कळवलं.

शेवटी न्याय होतो.

१२ जानेवारी
नोंद असावी म्हणून लिहून ठेवतो. बँडचा पहिला गायक भांडून सोडून गेला, चौदा महिन्यांनी परत आला. मधले चौदा महिने मी. फॅन लोक या काळाला 'मधला काळ' म्हणतात. माझ्या मते सुवर्णकाळ. पहिल्याच्या चाहत्यांनी तो दडपला.

स्टुडिओ एडिट म्हणजे आठ मिनिटांचं गाणं रेडिओसाठी कापून साडेतीन मिनिटांचं करायचं. कापताना नेमका मी गायलेला भाग जायचा आणि गिटारचा सोलो राहायचा. तांत्रिक अडचण.

आत्ताच बॉक्स सेट का, तर गिटारवाला गेल्या वर्षी वारला. आयुष्यात सगळ्यात चांगलं त्याने त्या चौदा महिन्यांत वाजवलं, असं ठोक्याच म्हणाला. साहजिक आहे. पुढे उभा राहणारा तसा असला की मागचे वाजवतात. (अंत्यसंस्काराला जायचं राहून गेलं. घसा धरला होता. गायकाचा घसा काय असतो, हे त्याला तरी कळलं असतं.)

१५ जानेवारी, रात्रीचं जेवण झाल्यावर
घरी जाहीर केलं. बायकोने वाटी पुसत, किती दिवस, एवढंच विचारलं. मुलगी एकोणीस वर्षांची आहे. बाप गायक होता हे तिला जन्मापासून सांगत आलोय, पण ऐकवायला काही नव्हतं. माझ्याकडची एकमेव कॅसेट जुनी गाडी विकली तेव्हा गाडीतच गेली. लहानपणी ती शाळेत सगळ्यांना सांगायची. बारा वर्षांची झाली आणि सांगायची बंद झाली. एकदा मैत्रिणीला म्हणाली, बाबा फरशांच्या दुकानात आहेत.

आता ऐकेल. बाकी जगाने ऐकलं नाही तरी चालेल, असं मी म्हणणार नाही, पण आधी तिने.

२० जानेवारी
संकल्प :
१. रोज एक तास रियाज.
२. थंड बंद.
३. आठ किलो कमी.
४. ठोक्याशी जुनं काही उकरून काढायचं नाही.

२१ जानेवारी
खालच्या मजल्यावरच्या बाई धावत वर आल्या, कोणाला लागलंय का विचारत. बायकोने सांगितलं, नाही, गातायत. त्या थोडा वेळ दारात उभ्या राहिल्या आणि मग बायकोचा हात दाबून गेल्या.

रियाजाची जागा बदलावी लागणार.

२६ जानेवारी
जागा मिळाली. शोरूममध्ये सॅम्पल बाथरूम आहे, चार भिंतींना इटालियन टाइल, नळाला पाणी नाही. आवाज सुरेख घुमतो. जेवणाच्या सुट्टीत दार लावून वरच्या पट्टीतली किंचाळी घेत होतो, तेवढ्यात एका जोडप्याने दार उघडलं. त्यांनी टाइल घेतल्या नाहीत. मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. मी सांगून टाकलं की एप्रिलनंतर मी कदाचित नसेन, टूर असेल. मालक म्हणाले, बरं झालं वेळेत सांगितलंत.

समजूतदार माणूस.

३ फेब्रुवारी
घशाला आराम म्हणून मौन. जे हवं ते चिठ्ठीवर लिहून देतो. आज चौथ्या दिवशी बायको म्हणाली, घाई करू नका, हवं तर आठवडा वाढवा. कलाकाराच्या बायकोला हे उपजत कळतं.

वजन : एक किलो वाढलं. मध.

१७ फेब्रुवारी, स्टुडिओ, पहिला दिवस
कंट्रोल रूममध्ये ठोक्या आणि साऊंडवाली बाई. बाई पस्तिशीची, कामाला चोख, बोलायला कमी. ठोक्या फार म्हातारा झालाय. मला बघून तो गडबडला. मी तसाच दिसतो म्हणून असेल.

एका कागदावर सही घेतली. वाचला नाही. कलाकाराने वाचत बसू नये.

पद्धत अशी : कानात जुना शो, आणि मी त्यावर गायचं. एकट्याने, बाकी वाद्यं माइकमध्ये यायला नकोत. बाईंनी बजावलं की बरोबर तेव्हा जसं गायलात तसंच गा. तोच श्वास, तिथेच थांबा. सुधारू नका.

सुधारू नका. बावीस वर्षांत माझ्याबद्दल इतकं चांगलं कोणी बोललं नव्हतं.

१८ फेब्रुवारी, दुसरा दिवस
तिसऱ्या गाण्यात शेवटी एक वरचा सूर आहे. आज तो मी बरोबर लावला. खणखणीत. बाई म्हणाल्या, टेपवर तुम्ही त्याच्या थोडं खाली थांबलाय, कृपया तिथेच थांबा. सहा टेक झाले. सहाव्याला बरोबर खाली थांबलो. तेव्हा टाळ्या फक्त बाईंनी वाजवल्या. ठोक्या मोबाइलमध्ये बघत होता.

मूळ कलाकृतीचा एवढा आदर आजकाल दिसत नाही.

१९ फेब्रुवारी, तिसरा दिवस
चौदाही गाणी संपली. खोकलासुद्धा जिथे होता तिथे खोकलो. बाई म्हणाल्या, नऊ वर्षांत इतका तंतोतंत कोणी आला नाही. निघताना त्यांनी विचारलं, हे कशासाठी चाललंय ते तुम्हाला सांगितलंय ना? मी उत्तर द्यायच्या आत ठोक्या म्हणाला, सांगितलंय, सगळं सांगितलंय, आणि मला पार पार्किंगपर्यंत सोडायला आला. गाडीचं दारही त्यानेच उघडलं. बँडमध्ये असताना हा मला साधं पाणी विचारत नसे.

मीही मोठ्या मनाने त्याला माफ केलं.

४ मार्च
शोरूममध्ये माझ्या काउंटरवर नवीन मुलगी. बी.कॉम., हसतमुख. मालक म्हणाले, तुम्ही जाणार ना, म्हणून आत्ताच घेतली, तुम्हीच शिकवा. शिकवतोय. नळांचे नंबर तिने दोन दिवसांत पाठ केले. मला दोन वर्षं लागली होती, पण माझं डोकं संगीतात होतं.

२९ मार्च
टूरचं विचारायला ठोक्याला फोन. मीटिंगमध्ये आहे, असा मेसेज.

६ एप्रिल
मीटिंगमध्ये आहे.

२१ एप्रिल
बॉक्स आला की ऐकायचा कार्यक्रम ठेवायचा. घरीच, साधा. मालक आणि त्यांच्या मिसेस, खालच्या बाई (झाल्या प्रकाराची भरपाई म्हणून), मुलीच्या दोन मैत्रिणी. मुलगी म्हणाली, मैत्रिणींना कशाला. तिच्या आईने तिच्याकडे पाहिलं. मग बोलावते म्हणाली.

भाषण तयार केलं. नऊ मिनिटं.

३ मे, संध्याकाळी ६
सगळे जमले. बॉक्स सगळ्यांसमोर उघडला. तसंच ठरवलं होतं. भाषण झालं. लाइव्हची डिस्क लावली.

३ मे, सव्वाआठ
गिटार सुरू झालं, ड्रम सुरू झाले, आणि पहिला गायला लागला. मी म्हणालो, डिस्क चुकली. दुसरी लावली. त्यातही पहिला. तारखा माझ्या, हॉल माझे, गर्दी माझी, आणि गातोय पहिला, या वर्षीच्या, सत्तावन्न वर्षांच्या आवाजात. खालच्या बाई म्हणाल्या, छान गाता हो तुम्ही. मालकांनी माझ्याकडे बघणं टाळलं. मुलीच्या मैत्रिणीने पुस्तिका वाचून दाखवली. माझं नाव आहे. शेवटच्या पानावर, 'तांत्रिक साहाय्य', बसचालकाच्या खाली.

मुलगी उठून आत गेली. तिचा चेहरा मी पाहिला. रागावली असती तर परवडलं असतं. तिला माझी लाज वाटली नाही, कीव आली.

४ मे
ठोक्या फोन उचलत नाही. साऊंडवाल्या बाईंनी उचलला आणि शांतपणे सांगितलं. तेव्हा मी इतका जोरात गायचो की माझा आवाज ड्रमच्या माइकमध्येही शिरलाय. नुसता गायकाचा ट्रॅक बंद करून तो जात नाही. तो काढायला मशीनला आधी ओळखता यावा लागतो. त्यासाठी स्वच्छ नमुना हवा. जितका तंतोतंत नमुना, तितका आवाज मुळापासून निघतो. माझा फारच स्वच्छ निघाला. त्यांना वाटलं होतं की मला माहीत आहे. सॉरी म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या असाव्यात.

म्हणजे मला पुसायचा खोडरबर मीच तीन दिवस गाऊन तयार केला. खोकल्यासकट.

५ मे
शांतपणे विचार केला. बघायला गेलं तर हा माझाच विजय आहे. मी नसतो तर ही डिस्क झालीच नसती. पहिल्याला हे जमलं असतं का? तो एक गाणं दोनदा सारखं गात नाही.

८ मे
मालकांना सांगितलं की टूर पुढे गेलीय. काउंटर आता तिचा. मला गोडाउनमध्ये टाकलंय, फुटलेल्या टाइल वेगळ्या काढायला. तिथे कोणी येत नाही, म्हणजे रियाजाला उत्तम. केला नाही.

१० मे
एक विचार सुचला आणि झोप उडाली. काढलेला आवाज गेला कुठे? बाईंना विचारलं. म्हणाल्या, काढलेला भाग वेगळा राहतो, आम्ही सहसा टाकून देतो, तुमचा अजून आहे. मी म्हणालो, पाठवा.

म्हणजे बावीस वर्षांपूर्वीचा मी, चोवीस वर्षांचा, नुसता. गिटार नाही, ड्रम नाही, पहिला नाही. मुलीला तेच ऐकवायचं. बॉक्स सेट गेला खड्ड्यात.

१४ मे, संध्याकाळ
फाइल आली. आधी एकट्याने ऐकावी म्हणून मुलीच्या कॉम्प्युटरवर लावली.

वरचा सूर खाली आहे हे माहीत होतं. बाकीचेही खाली आहेत हे माहीत नव्हतं. ताल सोडून पुढे पळतोय. शब्द विसरला की ओरडतोय. ओरडून झाल्यावर धापा टाकतोय. आणि दोन गाण्यांच्या मध्ये, माझ्यावर प्रेम आहे ना, असं गर्दीला विचारतोय. गर्दी काढून टाकलेली, त्यामुळे उत्तर काही येत नाही. तो पुन्हा विचारतो.

मला फार वाईट वाटलं. स्वतःसाठी असं वाईट वाटायची सवय नव्हती.

मुलगी कधी आत आली कळलं नाही. मागे उभी राहून ऐकत होती. कोण आहे हा, तिने विचारलं. मी म्हणालो, होता एक जुना. तिने आणखी थोडं ऐकलं आणि म्हणाली, बिचारा. याला कधी कोणी सांगितलं नाही का?

बायकोही तिच्या मागोमाग येऊन पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. लग्नाआधी ती माझ्या तीन शोंना आली होती, तिन्ही वेळा पहिल्या रांगेत. घडीवरून नजर न उचलता ती म्हणाली, सांगणार कसं, फार खूश असायचा तो.

मुलीने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. गाणं अजून तीन मिनिटं बाकी होतं. आम्ही तिघांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.