चार तास सव्वीस मिनिटं

२७ जुलै, रविवार. देवास.

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहिली पाहिजे.

काम: नानांच्या सहस्रचंद्रदर्शनाची फिल्म. आमचे वडील दत्तोपंत ऐंशी वर्षांचे झाले, त्याचा सोहळा ८ जूनला झाला. ऐंशी दिव्यांची ओवाळणी, गुळाची तुला, सगळं यथासांग. शूटिंग मी एकट्याने केलं. कुणी फोन काढला की खिशात ठेवायला लावला. एका सोहळ्याला एकच कॅमेरा. एकूण फुटेज चार तास सव्वीस मिनिटं.

धारच्या आत्याला शब्द दिलाय. नानांची ही थोरली बहीण, नाना तिला आक्का म्हणतात. खुब्याचं हाड मोडल्यामुळे येऊ शकली नाही. आता सोहळ्याचं वर्णनही कुणाकडून ऐकत नाही. म्हणते, नका सांगू, मी बापूच्या फिल्ममध्ये बघणार आहे. भाऊबीजेला नाना दरवर्षी तिच्याकडे जातात, तेव्हा दाखवायची. तीन महिने आहेत. भरपूर झाले.

घरचा जुना कॉम्प्युटर फुटेज बघूनच गारठला. पहिलं चित्र आलं, लाल गालिचा, आणि तिथेच अडकला. पण सुरुवात गालिच्यापासून! मला तेव्हा हे कसं सुचलं कोण जाणे.

निर्णय: दमदार कॉम्प्युटर घेणे.

३ ऑगस्ट, रविवार.

एकतीस वर्षं आरटीओत काढली. नुसता ट्रक बघून सांगायचो, किती माल ओढेल. धामनोदचे ट्रान्सपोर्टवाले मला विचारून गाडी घ्यायचे. कॉम्प्युटर म्हणजे वेगळं काय आहे? प्रोसेसर म्हणजे इंजिन. रॅम म्हणजे मागची बॉडी. ग्राफिक्स कार्ड म्हणजे... बघतो.

लेक उर्वी इंदूरहून आली होती. मुलगी हुशार आहे, पण धीर नाही. म्हणाली, माझ्या लॅपटॉपवर बघून तर घेऊ ना, काय-काय आलंय ते. मी सांगितलं, कच्चा माल कुणाला दाखवायचा नसतो. मग म्हणाली, टीव्हीला लावू. टीव्हीला! ज्यावर हिची आई मालिका बघते, त्याला.

१० ऑगस्ट, रविवार.

शूटिंगबद्दल थोडं लिहून ठेवतो, पुढच्या पिढीला उपयोग होईल. शिस्त महत्त्वाची. बटण दाबलं की कॅमेऱ्यावर लाल दिवा लागतो. लाल म्हणजे थांबा, हे मला कुणी शिकवायला नको. दिवा लागला की कॅमेरा गळ्यात सोडून द्यायचो. परत बटण दाबून दिवा घालवला की मगच शूटिंग. पूर्ण दिवसात एकदाही चूक नाही.

एडिटिंग शिकायचंय. दोन दिवसांचं काम. पण आधी मशीन. गाडी दारात नसताना स्टिअरिंग कोण शिकतो?

२१ ऑगस्ट, गुरुवार. गुरुपुष्य.

खरेदीला याहून चांगला दिवस नाही. उमाशंकरच्या दुकानात गेलो. त्याने सोळा जीबी रॅमवालं मशीन दाखवलं. मी चौसष्ट मागितलं. तो म्हणाला, "भिया, घर के फंक्शन के लिए सोलह बहुत है. बत्तीस ले लो तो शान से चलेगा. पर पेले अपना वीडियो तो दिखाओ."

दुकानदार कमी माल घ्यायला सांगतो म्हणजे पाणी मुरतंय. शिवाय व्हिडिओ मागतोय. नाही घेतलं. घरी येऊन तुलनेचा तक्ता केला, बावीस रकान्यांचा.

उर्वीची आई, प्रमोदिनी, म्हणाली, तक्त्याचीच फिल्म काढा. दुर्लक्ष केलं.

१७ सप्टेंबर, बुधवार.

आज पुष्य नक्षत्र, पण पितृपक्ष. मी असलं काही मानत नाही. पण मशीन आहे शेवटी, उगाच कशाला. पुढचा पुष्य १४ ऑक्टोबरला. त्यानंतर भाऊबीजेला नऊ दिवस. दोन दिवस शिकणं, चार दिवस एडिटिंग, तीन दिवस हातात. उलट निवांतच आहे.

आत्याचा फोन. तुलेच्या वेळी दत्तूने कुठलं उपरणं घेतलं होतं, विचारत होती. नाना सांगू लागले तर तिनेच थांबवलं. नको, बघेन म्हणाली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. पुष्य.

घेतलं. चौसष्ट जीबी. काचेचा डबा, आत रंगीत दिवे, तीन पंखे. उमाशंकर म्हणाला, "इसपे तो पिक्चर बन जाएगी, भिया." बनणारच आहे.

प्रमोदिनीने हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. नाना बराच वेळ दिवे बघत बसले. मग विचारलं, हे गरम होतं का रे? होतं म्हटल्यावर, थंडीत इथेच बसत जाईन म्हणाले.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी.

विंडोज अपडेट चालू आहे. सॉफ्टवेअर उतरतंय. तोवर चकल्या.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा.

सकाळी ८.१०. मुहूर्त. फुटेज उघडलं. मशीन काय धावतंय! गालिच्याचा एकेक धागा दिसतो.

८.२५. अजून गालिचा.

८.४०. माझा पाय. उजवा.

९.१५. पुढे ढकलून बघितलं. पाय. साड्यांचे काठ. पोरांचे गुडघे. माझाच आवाज, "थांबा, कॅमेरा तयार होऊ दे, मग ओवाळा." आणि ओवाळायला सुरुवात होणार तेवढ्यात बंद. परत चालू होतं तेव्हा लोक तबकं उचलून चाललेत. तुलेचंही तसंच. गूळ आणताना पाय, गूळ नेताना पाय.

९.३०. लाल म्हणजे चालू.

११.००. प्रमोदिनी पाडव्याचं ओवाळायला बोलावतेय. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. खरंच दुखतंय.

दुपारी २. ठरलं. आत्याला सांगायचं, कार्ड खराब निघालं. यात कुणाचाच दोष नसतो. लोकांना फोन काढू दिले असते तर... ते आता लिहीत नाही.

दुपारी ३. उर्वी मागे कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. पेनड्राइव्हवर उतरवून देता का, एवढंच विचारलं. दिलं. कशाला, हे विचारायचं धाडस झालं नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज. धार.

आत्या रेशमी लुगडं नेसून, उशांना टेकून तयार बसली होती. खोलीतल्या खुर्च्या तिने टीव्हीकडे वळवून ठेवल्या होत्या. मी कार्डाची हकिकत सुरू केली. तेवढ्यात उर्वीने पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. लगेच चाललं. कॉम्प्युटरशिवाय.

मी छताकडे बघत राहिलो.

थोड्या वेळाने आत्याचा आवाज आला. ही टाच प्रमोदिनीची. हा मल्हारराव, अजून पाय ओढत चालतो. आत्या सगळ्यांना पायांवरून ओळखत होती आणि एकदाही चुकली नाही. खोलीत हसू सुरू झालं. मग टीव्हीतून प्रमोदिनी तिच्या बहिणीला सांगताना ऐकू आली की, कॅमेरा हातात आहे तोवर हे स्वयंपाकघरात येत नाहीत, बॅटरी संपू देऊ नका. सर्वांत जास्त नाना हसले.

शेवटी मी नानांना नमस्कार करायला वाकलो होतो ते आलं. कॅमेरा गळ्यातच होता. पडदाभर नानांचं पाऊल, वाकडा अंगठा. लहानपणी आत्याच्या हातून त्यावर वरवंटा पडला होता, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. वरून नानांचा आवाज आला, "सुखी राहा. आक्का असती तर बरं झालं असतं रे."

हे नाना मला म्हणाले होते. त्या दिवशी मला ऐकूच आलं नव्हतं. मी दिवा बघत होतो.

आत्याने ते परत लावायला सांगितलं. तीनदा. नाना खिडकीबाहेर बघत होते. मग तिने बसल्या जागेवरून नानांना ओवाळलं, तबकाला उर्वीने हात लावला.

निघताना आत्याने मला जवळ बोलावलं. "बापू, यातलं काही कापू नकोस हो."

नाही कापणार, म्हटलं. कापतात कसं, ते शिकायचं राहूनच गेलंय.