उडदाचे पापड आणि बाकावरच्या तिघी

आत्या, मेलेल्या सासूला कुणी पत्र लिहितं का, असं तुम्ही विचारलं असतंत, आणि वर वाचता येतंय कुणाला, हेही ऐकवलं असतंत. पण आज तुमची नातसून दुकानातून पापडाचं पाकीट घेऊन आली, आणि मला हसू आवरेना.

तुमचा मुलगा जाऊन वर्ष होत आलं होतं. तो एचआयव्हीनं गेला आणि मलाही तेच आहे, हे सणसर गावभर झालं होतं. माझ्या हातचं पाणी कुणी घेईना. तुम्ही मात्र मला एकदाही टाकून बोलला नाहीत. खाण्यापिण्यातून हे पसरत नाही, एवढंच बारामतीचे डॉक्टर म्हणाले होते. त्यांच्या चार शब्दांचे चाळीस करून तुम्ही ते गल्लीभर सांगितलंत. आपल्या गल्लीत उन्हाळ्यात एकेका दिवशी एकेकीच्या घरी सगळ्याजणी पापड लाटायला जमायच्या. आपला दिवस आला तसं तुम्ही नेहमीसारखं सगळ्यांना बोलावून आलात. मी नको नको म्हणत होते. तुमच्यापुढं कुणाचं काय चालणार?

पहाटेच तुम्ही पीठ कांडलंय. अंगणात पोळपाट मांडलेत. ऊन चढतंय आणि दारात कुणी नाही. कांडलेलं पीठ थांबत नाही, वाळलं की गेलं. तुम्ही साऱ्या गल्लीचा उद्धार करता, पिठावर ओलं फडकं टाकता आणि भावजींना त्यांची वडापची, गावोगावची माणसं भरून नेणारी जीप घेऊन पिटाळता. ते तिघींना घेऊन येतात: भिगवणला मासे विकणारी, इंदापूरची एक आणि पिंपळीची एक. दवाखान्याच्या बाकावर ओळख झालेल्या, माझ्यासारख्याच. भिगवणवालीचा एकही पापड गोल होत नाही. तुम्ही तो उचलून उन्हात धरता. "आगं, ह्यो पापड हाय का चिलापी मासा?" सगळ्यात जास्त तीच हसते. इतकं हसणं त्या घरात वर्षभर झालं नव्हतं.

ते ऐकून शेजारच्या काकू लाटणं घेऊन आल्या. "आजच हाईत व्हय पापड?" त्यांनी माझ्याकडं बघत विचारलं. "न्हाय, दिवाळीला हाईत. बस," तुम्ही म्हणालात. त्या बसल्या. मधल्या ताटात आमच्या सगळ्यांच्या हातच्या लाट्या होत्या. त्यातली एक त्यांनी तेलात बुडवून तोंडात टाकली आणि मीठ कमी पडलंय म्हणाल्या. मी आत जाऊन आनंदानं रडले.

पुढं त्या तिघी दर महिन्याला आपल्याकडं येऊ लागल्या, आणखी बायकांना आणू लागल्या. पिंपळीच्या तिला सासरच्यांनी बाहेर काढलं, तेव्हा तुम्ही दिवसभर त्यांच्या उंबऱ्यावर ठाण मांडून बसलात. तिला घरात घेतल्यावरच उठलात. परतताना जीपमध्ये तुम्ही गाणी म्हटलीत, सगळी बेसूर.

हे पत्र कुठं टाकणार, घडी करून ठेवते. पण एक सांगायचं राहिलंय. त्या पापडांच्या आदल्या दिवशी तुम्ही गिरणीत उडीद दळायला गेलात, तेव्हा मीच घरोघरी फिरून उद्याचे पापड पुढं ढकलले म्हणून सांगितलं होतं. बोलावूनही कुणी आलं नसतं तर तुमचं तोंड मला बघवलं नसतं. तुम्ही शेवटपर्यंत गल्लीतल्या बायकांना त्या सकाळवरून बोलत राहिलात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आत्या, पण एकीनंही माझं नाव सांगितलं नाही.