पडवीतल्या चार गोळ्या

नॉयहॉफ, सस्कॅचेवान
१९ जानेवारी, रविवार

चि. सूसाना (बावीस फेब्रुवारीपासून सौ.) हिला दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. गायी बऱ्या आहेत, तुझ्या टीनावहिनीचे गुडघे गायींइतके बरे नाहीत. तुझी आणि आमच्या होणाऱ्या मेहुण्यांची, अँपोफो मास्तरांची, तब्येत उत्तम असेल असं धरून चालतो. तिकडे ऊन फार असेल, डोक्यावर काहीतरी घेत जा.

तू फोनवर विचारलंस, ‘दादा, बाबांच्या जागी उभा राहून मला चर्चमध्ये नेशील का?’, तेव्हा मी लगेच हो म्हणालो. साठाव्या वर्षी बहिणीचं लग्न ठरतंय आणि तिला हात द्यायला घरातला मी एकटाच उरलोय, तिथे नाही कसं म्हणणार? (फोन घानाहून होता आणि मिनिटं तुझी जात होती, हेही एक कारण.) पण एका ‘हो’पायी अंगाला इतकी भोकं पडतील याची कल्पना नव्हती. सस्काटूनला प्रवासाच्या लशी देणारा एक दवाखाना आहे. तिथल्या नर्सबाई माझ्या नातीच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, आजोबा, याआधी कुठे कुठे फिरलात? मी म्हटलं, विनिपेगला. त्याआधी? मी म्हटलं, त्याआधी जन्मलो. पिवळ्या तापाची लस साठीच्या पुढच्यांना जपून देतात म्हणे, म्हणून डॉक्टर स्वतः आले आणि जुना ट्रॅक्टर विकत घेताना बघतात तसं मला सगळीकडून बघून गेले. मग एका दंडात पिवळा ताप, दुसऱ्यात कावीळ. परत येताना गाडी टीनाने चालवली आणि दुखतंय का, असं वाटेत एकदाही विचारलं नाही. लस घेतल्याचं पिवळं कार्ड मिळालं ते बायबलमध्ये ठेवलंय, देवाने धाडलं तिकडे जायचं टाळणारा योना माशाच्या पोटात जातो त्या पानाशी.

मग हिवतापाची गोळी, आठवड्याला एक. ‘सोसते का बघायला आत्ताच सुरू करा, स्वप्नं पडली तर घाबरू नका,’ असं बाईंनी सांगितलं होतं. मला स्वप्नं पडत नाहीत (पडलं तर शेताचंच पडणार आणि ते मी दिवसभर बघतोच). पण पहिल्याच गोळीला बाबा आले. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसले होते, टोपी मांडीवर, आणि सगळा वेळ माझ्या पायांकडे बघत होते. बोलले काहीच नाहीत. जिवंतपणीही बोलत नसत, पण तेव्हा निदान तोंडाकडे बघत. सकाळी टीनाला हे सांगितलं नाही.

आता मुख्य भानगड. विषमज्वराच्या लशीच्या चार गोळ्या, दिवसाआड एक, ‘थंड जागी ठेवणे.’ आपल्याकडे जानेवारीत थंड जागा म्हणजे कुठली हे तुला सांगायला नको. ठेवल्या पडवीत, सॉसेज आणि अर्धं हरीण यांच्या मध्ये. पारा उणे चौतीसवर गेला आणि सकाळी गोळ्या छर्‍यांसारख्या वाजायला लागल्या. फोन केला तर नर्सबाई म्हणाल्या, ‘अहो आजोबा, थंड म्हणजे फ्रिजमध्ये! त्यात जिवंत जंतू असतात, मेले की सगळे!’ मी म्हटलं, बाई, आमचा फ्रिज नोव्हेंबरपासून बंद असतो, बाहेर फुकट असताना आत कशाला? तेवढ्यात टीना मागून म्हणाली, ‘चाळीस वर्षं माझं बोलणं गारठवलंत, तिथे जंतूंची काय कथा!’

नव्या गोळ्या पुन्हा सस्काटूनलाच मिळणार, म्हणजे दीडशे किलोमीटर, आणि रस्ता बर्फाने बंद. त्या घेतल्याशिवाय निघू नका, असं बाईंनी बजावलंय. मला यात देवाचा हात दिसतो. टीनाला माझा दिसतो. बाकी सर्व क्षेम.

तुझा दादा,
कॉर्नेलियस

ता. क. – तुमच्याकडे विहिरी खोदणारा आपला बर्नहार्ड पेनर तिथेच आहे. त्याला सगळ्या लशी टोचलेल्या आहेत, उंचीही बाबांएवढी. त्यानेच तुला नेलं तर? रागावू नकोस, विचार कर.

ता. क. २ – तिकडे नवरीला नाचत नाचत आत आणतात, असं तू लिहिलंस. ‘दादा, थोडंसंच.’ थोडंसं म्हणजे किती? आपल्या मेनोनाइट चर्चमध्ये पाय आपटला तरी लोक वळून बघतात. (याकोबकाकांनी एकदा आपटला होता, तोही मुंग्या आल्या म्हणून. अजून बोलतात.) अडुसष्ट वर्षं मी ताठ चाललोय, सूस. लग्नाच्या दिवशी चारचौघांत माझ्यामुळे तुझं हसं होईल, याची मला भीती वाटते. डासांची नाही वाटत. यावर लस असती तर तीही टोचून घेतली असती.

ता. क. ३ (वहिनीकडून) – पत्र टाकायला माझ्याकडे दिलं, नेहमीसारखं पाकीट न चिकटवता, म्हणून वाचलं. बर्नहार्डला काही सांगू नकोस. मंगळवारी रस्ता जेमतेम उघडला आणि हे बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागे मागे सस्काटूनला जाऊन नव्या गोळ्या घेऊन आले. सध्या आमचा फ्रिज चार गोळ्यांसाठी चालू आहे, आत दुसरं काही नाही. मग पत्र फाडू का, असं विचारलं, तर म्हणाले, तिकीट लावलंय. बाबांची टोपी स्वतःच्या हाताने बॅगेत ठेवली आहे. आणि हल्ली धार काढायला रोज अर्धा तास जास्त लागतो, म्हणून मी गोठ्याच्या फटीतून दोनदा पाहिलं. खराटा दंडाशी धरून दोन पावलं पुढे, एक मागे, चेहरा मयताला आल्यासारखा. मी हसले नाही, रडायलाच आलं. मागच्या आठवड्यात पाहिलं तेव्हा गायी चारा सोडून बघत होत्या. काल एकीनेही मान वर केली नाही. म्हणजे जमत असावं.